‘ले सिल्फीद’: गोष्टच नाही, मग पडद्यावर बघायचं काय?

मध्यलय
रशियन नृत्यरचनाकार फोकिनचा ‘ले सिल्फीद’ म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचा बॅले. संगीत शोपँचं, पण पियानोवर नाही, वाद्यवृंदावर. चांदण्यातली झाडी, मागे एखादा भग्न अवशेष, पांढऱ्या घोळदार झग्यांतल्या वायुपऱ्या आणि त्यांच्यात काळं मखमली जाकीट घातलेला एकच पुरुष. गोष्ट शून्य. ‘जिझेल’मध्ये निदान एकीला वेड लागतं, ‘स्वान लेक’मध्ये शाप असतो. इथे पडदा उघडताना जी आकृती दिसते तीच पडदा पडतानाही दिसते.

कथक शिकणाऱ्या, पण बॅले कधीच न पाहिलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना हे दाखवायचं आहे. मिळण्यासारखी तीन चित्रणं डोळ्यांपुढे आहेत: १९५३चं बीबीसीचं काळंपांढरं (नर्तकी मार्कोव्हा), १९६३च्या ‘अ‍ॅन इव्हनिंग विथ द रॉयल बॅले’मधलं रंगीत (फॉन्टेन आणि नुरेयेव) आणि १९८४चं न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमधलं अमेरिकन बॅले थिएटरचं (बारिश्निकॉव्ह). आधी कोणतं दाखवावं?

माझं मत आधीच मांडते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. गोष्ट नसलेल्या बॅलेत मांडणी हाच मजकूर. कॅमेरा एकीच्या चेहऱ्यावर गेला की बाकीच्या पंधरा-वीसजणी चौकटीबाहेर जातात, आणि त्यांच्याबरोबर अर्थही जातो.

खवचट_खवय्या
पुरुष एक आणि पऱ्या वीस, त्यात गोष्ट नाही म्हणता?

निळा_पडदा
त्या पुरुषाला ‘कवी’ म्हणायची पद्धत आहे. कवी असून अर्धा तास काही वाचून दाखवत नाही, हीच खरी कल्पित कथा.

अरुंधती_टीपकागद
धाग्यात शंभर प्रतिसाद होण्याआधी नावाचा घोळ मिटवून टाकू. ‘ला सिल्फीद’ वेगळा आणि ‘ले सिल्फीद’ वेगळा. पहिला १८३२चा, पॅरिस ऑपेरातला. फिलिपो तालिओनीने आपल्या मुलीसाठी, मारीसाठी बसवलेला. त्यात रीतसर गोष्ट आहे: स्कॉटलंडचा जेम्स लग्नाच्या दिवशी एका वायुपरीच्या मागे जंगलात पळतो आणि दोन्हीकडून जातो. दुसरा, म्हणजे आपला, त्यानंतर पाऊण शतकाने आला. मारी तालिओनीच्या काळाची आठवण म्हणून केलेला. झगा तिचा, केसांची मधोमध भांग पाडून कान झाकणारी ठेवण तिची, कंबरेच्या मागे चिकटवलेले चिमुकले पंखही तिचेच. गोष्ट तेवढी मागे ठेवली.

शोधताना ‘ले’ की ‘ला’ हे नीट बघा. चुकलात तर पडद्यावर स्कॉटिश घागरे दिसतील.

रीळवाला
मध्यलय, मांडणीच्या मुद्द्याला अनुमोदन, पण अर्धंच. सविस्तर रात्री लिहितो.

स्वरपेटी
‘गोष्ट नाही’ हे मुळात तसं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. १९०७ साली सेंट पीटर्सबर्गला फोकिनने ‘शोपिनियाना’ नावाने जे केलं त्यात प्रसंग होते. पोलिश नृत्यसभा, मयोर्काच्या मठात आजारी शोपँ आणि त्याला छळणारी भिक्षूंची भुतं, एक लग्न, शेवटी तारांतेला. संगीत ग्लाझुनोवने वाद्यवृंदासाठी आधीच बांधलेल्या शोपँ-मालिकेचं, आणि फोकिनने त्यात सी शार्प मायनर वॉल्ट्झ (ओपस ६४, क्रमांक २) मागून घेतला. त्या वॉल्ट्झवर पावलोवा आणि ओबुखोव या नर्तकांचं जोडनृत्य होतं, लांब पांढऱ्या झग्यात, कुठल्याही प्रसंगाशिवाय.

१९०८ साली त्याने बाकी सगळं काढून टाकलं आणि त्या एका तुकड्याच्या सुरात पूर्ण बॅले बांधला. म्हणजे गोष्ट सुचली नाही म्हणून हा बॅले तसा झालेला नाही, होती ती उचलून बाहेर ठेवली. २ जून १९०९ला निर्माता दियागिलेवने तो पॅरिसच्या शातले नाट्यगृहात नेला आणि नाव बदलून ‘ले सिल्फीद’ केलं. रशियात आजही ‘शोपिनियाना’च म्हणतात. तेव्हा शोधताना ते नाव टाकून बघा, रशियन चित्रणं त्याखाली सापडतात.

खवचट_खवय्या
भुतं काढली? मग मी नाही बघत.

स्वरपेटी
आता क्रम देते, कारण चित्रण बघताना कुठे आहोत हे कळलं की निम्मं काम होतं. पडदा उघडण्याआधी ए मेजर पोलोनेझ (ओपस ४०, क्रमांक १) किंवा पाश्चात्त्य मंडळांत बऱ्याचदा ए मेजर प्रेल्यूड (ओपस २८, क्रमांक ७). मग पुढीलप्रमाणे.

नॉक्टर्न, ए फ्लॅट, ओपस ३२ क्रमांक २: सगळे मिळून.
वॉल्ट्झ, जी फ्लॅट, ओपस ७० क्रमांक १: पहिली एकल नर्तकी.
माझुर्का, डी मेजर, ओपस ३३ क्रमांक २: उड्यांची एकल.
माझुर्का, सी मेजर, ओपस ६७ क्रमांक ३: पुरुषाची एकल.
प्रेल्यूड, ए मेजर: कान देऊन ऐकणारी एकल.
वॉल्ट्झ, सी शार्प मायनर: जोडी.
ग्रांद वॉल्ट्झ ब्रियांत, ई फ्लॅट, ओपस १८: पुन्हा सगळे.

माझुर्कांची अदलाबदल काही मंडळी करतात, त्यामुळे तुमच्या प्रतीत वेगळं ऐकू आलं तर घाबरू नका. पॅरिसच्या पहिल्या प्रयोगात दियागिलेवने वाद्यरचना पाच-सहा जणांत वाटून दिली होती. नॉक्टर्न आणि शेवटचा वॉल्ट्झ कोवळ्या स्ट्राविन्स्कीच्या वाट्याला आले. ब्रिटनमध्ये पुढे रॉय डग्लसची १९३६ची रचना रुळली. एकच तुकडा दोन चित्रणांत एकात बासरीवर आणि दुसऱ्यात व्हायोलिनवर ऐकू आला, तर प्रत खराब नाही, हात वेगळा आहे.

पावलांचा_आवाज
वा, यादी कामाची. एक भर: प्रेल्यूड मुळात सोळाच मात्राखंडांचं, पियानोवर मिनिटभरात संपतं. नृत्याला पुरवण्यासाठी ते पुन्हा वाजवतात. सुरुवातीलाही तेच असेल तर प्रेक्षक ते एवढ्यांदा ऐकतो की घरी जाताना गुणगुणतोच.

शिवाजीनगर_लोकल
एक बाळबोध शंका. गोष्ट नाही, अभिनय नाही, मग हे आपलं ‘नृत्त’च झालं ना? नृत्त, नृत्य, नाट्य या तिघांतलं पहिलं. मुलींना दोन वाक्यांत समजेल.

मध्यलय
मलाही आधी तसंच वाटलं होतं, पण नाही बसत. नृत्त म्हणजे तोडे-तुकडे, लय आणि अंगसंचालन, त्यात भाव अपेक्षित नाही. इथे गोष्ट नाही, पण भाव ठासून आहे. प्रेल्यूडमधली नर्तकी कानाशी हात नेते, ओठांशी बोट नेते, काहीतरी ऐकते आणि जातं ते हातातून. ती कोण, काय ऐकते, ठाऊक नाही. अभिनयाची क्रिया आहे, अभिनयाचा विषय नाही.

शिवाजीनगर_लोकल
म्हणजे साहित्य नसलेली ठुमरी.

स्वरपेटी
याहून चांगलं नाही सांगता येणार. मुलींना हेच सांगा.

पावलांचा_आवाज
तंत्राच्या बाजूने लिहितो, कारण चित्रण बघताना नजर बहुतेकांची चुकीच्या जागी असते. लोक पाय किती उंच गेला ते बघतात. या बॅलेत पाय उंच जाणं ही चूक आहे. अ‍ॅराबेस्क, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणायची मुद्रा, कंबरेच्या आसपास राहायला हवी. मागचा पाय कानाशी नेला तर झगा वर उचलला जातो, आतले पदर दिसतात आणि तालिओनीच्या काळातून थेट जिम्नॅस्टिक्समध्ये जाऊन पडतो.

बघायच्या जागा अशा. पहिली, मनगटं. कोपर किंचित वाकलेलं, बोटं सुटी, हात खांद्याच्या खाली. हात संपतो तिथे रेषा संपता कामा नये. दुसरी, धड. अगदी थोडं पुढे झुकलेलं, मान एका बाजूला. ताठ कणा म्हणजे आधीच्या पिढीतल्या नृत्यरचनाकार पेतिपाचा दरबार झाला, आणि फोकिनला तोच तर मोडायचा होता. तिसरी, उतरणं. डी मेजर माझुर्कात नर्तकी तिरप्या रेषेत रंगमंच ओलांडत उड्या घेते, परत जाते आणि पुन्हा घेते. उडी सगळेच बघतात. तुम्ही टाच टेकतानाचा क्षण बघा. गुडघा उशिरा वाकला तर ‘धप्’ होतं आणि परीचं वजन कळतं.

चौथी जागा कोणी बघत नाही: एकल चालू असताना बाजूला ज्या उभ्या किंवा गुडघ्यावर आहेत त्या. त्या आत जात नाहीत, तिथेच चौकट करून थांबतात. दोन-तीन मिनिटं एका पायावर वजन, हात गोलात, मान कललेली. पोटरीत गोळा येतो तो इथे. थकल्यावर पहिलं काय ढळतं? कोपर. एक कोपर दोन इंच खाली आलं की अख्खी कमान वाकडी दिसते. कॅमेरा एकलीवर गेला की नेमकी हीच चौकट गायब होते, म्हणून मध्यलय यांच्या म्हणण्याला माझी पूर्ण साथ.

निळा_पडदा
+१. आणि झग्याची एक मेख. या लांब टुटूचा घेर कंबरेपासून खाली मोजून कापत नाहीत, जमिनीपासून वर मोजतात. उंच-बुटक्या कशाही असोत, सगळ्यांची किनार एका रेषेत यायला हवी. ती पांढरी आडवी रेषा हाच समूहाचा कणा. पडद्यावर ती रेषा वरखाली दिसली तर आधी कॅमेरा तिरपा आहे का बघा, मग शिंप्याला दोष द्या.

कापडही बघा. जुना टार्लटन म्हणजे खळ दिलेलं सुती जाळीचं कापड, घामाने आणि दमटपणाने मऊ पडतं आणि अंगाबरोबर हलतं. नायलॉनची जाळी तशी पडत नाही, ती हलल्यावर एक क्षण मागे राहते आणि दिव्यात जास्त चमकते. वेगवेगळ्या काळातली चित्रणं शेजारी ठेवली की हा फरक पावलांहून आधी दिसतो.

अरुंधती_टीपकागद
झगाच काढून टाकला तर काय होतं, याचाही प्रयोग झालेला आहे. १९७२ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी दानिलोवाने ‘शोपिनियाना’ बसवला तो तालमीच्या साध्या कपड्यांत, आणि वाद्यवृंदाऐवजी पियानोवर. नाच तोच, परी नाही. उरते ती नुसती रचना.

खवचट_खवय्या
आधी भुतं काढली, मग गोष्ट काढली, मग झगे काढले. पुढच्या वेळी नर्तक काढा, तिकीट तेवढं ठेवा.

रीळवाला
आलो. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

‘चित्रपटावर जपलेला’ असं आपण सहज म्हणतो, पण तीन चित्रणं तीन वेगळ्या वस्तूंवर आहेत. १९६३चं ३५ मिमी फिल्मवर, सेकंदाला २४ चित्रं. १९५३चं टीव्हीवरचं: त्या काळी ब्रिटिश टीव्ही ४०५ ओळींचा, आणि कार्यक्रम ठेवायचा तर टीव्हीच्या नळीसमोर फिल्म कॅमेरा लावून चित्र घेत. १९८४चं व्हिडिओवर, अमेरिकन पद्धतीने, सेकंदाला सुमारे ६० अर्धचित्रं. तिन्हींची दुखणी वेगळी.

फिल्मचं: २४ चित्रं आणि १८० अंशांचं शटर म्हणजे प्रत्येक चित्र १/४८ सेकंदाचं. अंगठ्यांवरची भरभर सरकणारी ‘बुरे’ पावलं त्यात पुसट होतात. इथे ते चालून जातं, उलट शोभतं. पण ३५ मिमी मिनिटाला ९० फूट खातं. अर्ध्या तासाचा बॅले म्हणजे २,७०० फूट, आणि कॅमेऱ्यात हजार फुटांचं रीळ बसतं, जेमतेम ११ मिनिटांचं. एका दमात बॅले चित्रित होऊच शकत नाही. कुठेतरी थांबून, घाम पुसून, त्याच मुद्रेत पुन्हा उभं राहावं लागतं. जोड शोधायचा तर एकल संपून दुसरी सुरू होते तिथे बघा. बाजूच्या मुलींच्या माथ्यावरची फुलं कापाआधी आणि कापानंतर सारखी आहेत का? नसतील तर तिथे जेवणाची सुट्टी झाली आहे.

रंगाचं दुखणं याहून मोठं. जुन्या ईस्टमनकलर प्रतींत तीन रंगद्रव्यांपैकी निळसर-हिरवं सर्वांत आधी उडतं, उरते ती गुलाबी छटा. दुसरा कुठला चित्रपट असता तर सहन केलं असतं. हा बॅले पूर्ण निळ्या चांदण्यात आहे! निळं गेलं की परीच्या अंगाला गोवर आल्यासारखं दिसतं. दुरुस्ती करणाऱ्याने नुसतं निळं वाढवलं तर अंधार निळा होतो आणि पांढरे झगेही निळे होतात. म्हणून झग्याची सर्वांत उजळ जागा आधी शुद्ध पांढरी करून घ्यायची, चेहरा दुसरा, आणि पार्श्वभूमी शेवटी.

टीव्हीचं: जुन्या नळीच्या कॅमेऱ्यांना झगझगीत पांढरं सोसत नसे, कडा फुटून भोवती वलय येई. म्हणून स्टुडिओत पांढऱ्या कपड्याला हलका रंग देत. काळ्यापांढऱ्यात तो पांढराच दिसतो. तेव्हा मार्कोव्हाचा झगा प्रत्यक्षात शुभ्र होताच असं धरू नका.

आणि फिल्म नुसती पडून राहिली तरी मरते. अ‍ॅसिटेट आधाराला उकाडा आणि दमटपणा लागला की त्यातून व्हिनेगरचा वास सुटतो, फिल्म आकसते, वळते, आणि तो वास शेजारच्या डब्यांनाही लावते. थंड आणि कोरडी जागा हाच इलाज. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघालं ते याचसाठी, पण आपल्या मुंबईच्या पावसात कपाटात ठेवलेल्या डब्याची काय गत होते ते वेगळं सांगायला नको.

शिवाजीनगर_लोकल
चहा संपला, पण प्रतिसाद फक्कड. बाजूच्या मुलींच्या माथ्यावरची फुलं आता आयुष्यभर बघणार.

मात्रामोज
एक व्यावहारिक भर. युरोपातल्या डीव्हीडीवर २४ चित्रांची फिल्म २५ने चालवतात, म्हणजे ४ टक्क्यांहून थोडं जलद. ३० मिनिटांचा बॅले २८ मिनिटं ४८ सेकंदांत संपतो आणि सूर पाऊण श्रुतीने चढतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. झालं.

स्वरपेटी
श्रुती नाही हो, सुमारे ०.७ अर्धस्वर! पाऊण श्रुती म्हणजे कानाला कळलंच नसतं. आणि एवढ्यावर भागत नाही. व्हीएलसी वेग बदलताना सूर मुद्दाम आहे तिथेच धरून ठेवतो. लय सुधारेल, पण सूर चढलेलाच राहील. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओत जाऊन ‘टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ’ची खूण काढा आणि मग ०.९६ करा, म्हणजे दोन्ही जागेवर येतील.

मात्रामोज
चूक मान्य, अर्धस्वरच. खुणेचं माहीत नव्हतं. आता तिन्ही चित्रणं तशीच लावतो.

रीळवाला
थांबा, तिन्ही नाही! हे फक्त २४ चित्रांच्या फिल्मला लागू, म्हणजे १९६३च्या युरोपीय डीव्हीडीला. बीबीसीचं टीव्हीचं मुळातच २५च्या हिशेबाचं आहे, त्याला ०.९६ लावलंत तर मार्कोव्हा आजारी वाटेल. १९८४चं तर व्हिडिओच आहे, त्याला हातही लावू नका. तिथे दुसरंच करायचं: व्हीएलसीत डीइंटरलेस (अर्धचित्रांची पूर्ण चित्रं करणारी सोय) चालू करून ‘यादिफ २एक्स’ निवडायचं. नुसतं ‘यादिफ’ घेतलं तर अर्धी हालचाल फेकली जाते आणि बारिश्निकॉव्हची उडी ठेचकाळते. काहीच केलं नाही तर हातांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात.

आणि सुरावरून वेग ओळखायचा असेल तर त्याच चित्रपटाच्या अमेरिकन प्रतीशी ताडून बघा. छापील शोपँशी नको. वाद्यरचनाकार कधीकधी पट्टीच बदलतात.

निळा_पडदा
मला आवाजावरून एक वेगळीच गोष्ट शोधायला आवडते. पावलांचा आवाज येतो का? अंगठ्याचे बूट कडक असतात. नर्तकी ते भिंतीवर, पायरीवर आपटून मऊ करतात, तरी वीसजणींची धाव ऐकू येतेच. चित्रणात ठक् सुद्धा आली नाही तर संगीत बहुधा आधी ध्वनिमुद्रित करून तालमीच्या कर्ण्यावर वाजवलंय.

यात लपलेली गोष्ट अशी की ध्वनिमुद्रित संगीत नर्तकीसाठी थांबत नाही. प्रेल्यूडमध्ये ती अंगठ्यावर तोल धरते, तेव्हा जिवंत वाद्यवृंदाचा संचालक तिच्याकडे बघून सूर ताणतो. रेकॉर्डवर तो ताण येत नाही, मग ती तोल आवरता घेते. तोल सगळीकडे अगदी नेमका मात्रेवर संपत असेल तर समजा.

तुटका_पंख
मध्यलय यांना विरोध नोंदवतो. समूह, समूह, सगळे समूहच म्हणताय. प्रेल्यूड दुरून दाखवलं तर उरतं काय? कानाशी नेलेला हात तिसऱ्या बाल्कनीतून दिसत नाही. फोकिनने तो हात मुद्दाम इतका लहान ठेवला. तो बघायला जवळ जावंच लागतं, आणि नाट्यगृहात जे जमत नाही ते कॅमेऱ्याने करावं यात पाप काय?

मध्यलय
पाप नाही. पण जवळ म्हणजे किती? कमरेपर्यंत आलात की पाय गेले. ती त्या क्षणी अंगठ्यावर आहे की सपाट पावलावर, हे त्या हाताचा अर्थ बदलतं. फ्रेड अ‍ॅस्टेअर आपलं पूर्ण अंग चौकटीत असावं म्हणून हट्ट धरायचा तो उगाच नाही.

तुटका_पंख
मान्य, अंगठ्यापासून माथ्यापर्यंत. पण एकटी. बाजूच्या कमानी तेवढा वेळ गेल्या तरी चालतील.

पावलांचा_आवाज
दोघांना मध्येच तोडतो. कॅमेरा किती जवळ यापेक्षा किती उंच, हे जास्त महत्त्वाचं आहे. खुर्च्यांच्या पातळीवरून समूह म्हणजे झग्यांची एक भिंत, मागची ओळ दिसतच नाही. पहिल्या बाल्कनीच्या उंचीवरून ओळी सुट्या होतात, अर्धवर्तुळ अर्धवर्तुळ दिसतं. फार वर गेलात तर नर्तकीचे पाय आखूड दिसतात आणि उडी उडी राहत नाही, जमिनीचा नकाशा होतो. आणि लांब भिंगाने दुरून घेतलं तर खोली चपटी होते. माझुर्कातली तिरपी धाव हमखास बळी जाते, ती जागच्या जागी उड्या मारतेय असं वाटतं. त्यात स्टुडिओची जमीन आधीच लहान, तिथे धाव खरोखरच आखडलेली असू शकते. तेव्हा भिंगाला दोष देण्याआधी तेही बघा.

खवचट_खवय्या
प्रामाणिक प्रश्न. चित्रपट आहे, मग यावरूनच कोणी बॅले बसवू शकतो का? कीर्तनकार कॅसेटवरून शिकतात तसं?

अरुंधती_टीपकागद
बसवतात, आणि फसतात. कॅमेऱ्याने दाखवलं नाही ते कळत नाही, हे एक. दुसरं, त्या रात्रीची चूकही परंपरा म्हणून उतरते. एखादीचा हात उशिरा गेला, पुढच्या मंडळाने तोच उशीर घोटून घोटून बसवला, असं व्हायला वेळ लागत नाही. तिसरं, समोरून घेतलेलं बघून शिकताना डावं-उजवं उलटतं. व्हीएलसीत टूल्स, इफेक्ट्स अँड फिल्टर्स, व्हिडिओ इफेक्ट्स, जॉमेट्री, ट्रान्सफॉर्म, तिथे ‘फ्लिप हॉरिझाँटली’ निवडा, म्हणजे आरशात बघून शिकल्यासारखं होतं.

म्हणून मंडळं चित्रणाबरोबर लेखी स्वरलिपीसारखी नृत्यलिपी ठेवतात. इंग्लंडात बेनेशची चालते: पाच ओळींवर मागून पाहिल्यासारखी हातापायांची जागा. मागून, म्हणजे उलटापालट नाहीच. आणि तिसरी वाट माणसाकडून माणसाकडे. ११ जानेवारी १९४०ला बॅले थिएटरचा (आजचं अमेरिकन बॅले थिएटर) न्यूयॉर्कमध्ये पहिला प्रयोग झाला त्यात ‘ले सिल्फीद’ होता, आणि तो स्वतः फोकिनने बसवलेला. १९८४चं चित्रण त्याच मंडळाचं आहे. मार्कोव्हाही फोकिनच्या हाताखाली नाचलेली. त्यामुळे या दोन चित्रणांना मी घराण्याच्या दाखल्यासारखं बघते.

शिवाजीनगर_लोकल
घराणं म्हटल्यावर राहवत नाही. पावलोवाचा आपल्याकडेही धागा आहे. १९२३ साली लंडनमध्ये तिच्याबरोबर ‘राधा-कृष्ण’ नाचला तो तरुण चित्रकार उदय शंकर. आणि मुंबईच्या मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनाही तिनेच उत्तेजन दिलं. त्यांनी पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली, कथकवर ‘मालविकाग्निमित्र’ बसवलं. गंमत म्हणजे पावलोवाने स्वतः ज्यात गोष्ट नाही असं नाचून नाव काढलं, आणि आपल्याकडे तिच्या ओळखीतून निघालं ते सगळं गोष्टींचं.

निळा_पडदा
अवांतर पण छान. मुलींना हेही सांगा, खंडाळा म्हटल्यावर कान टवकारतील.

मात्रामोज
संस्थेच्या कार्यक्रमात हे संगीत वाजवून मुलींना नाचवायचं असेल तर? शोपँ मुक्त असेल ना?

स्वरपेटी
शोपँ १८४९ला गेला, तो मुक्त. फोकिन १९४२ला गेला, भारताच्या ६० वर्षांच्या हिशेबाने तोही मुक्त. अडतं ते वाद्यरचनेवर. रॉय डग्लस १०७ वर्षं जगला, २०१५ला गेला. म्हणजे त्याची रचना इथे २०७५ अखेरपर्यंत बंद. पियानोवर वाजवा, प्रश्नच मिटला. वाजवणाऱ्याला एवढंच सांगा की मैफलीच्या लयीत नको. सी शार्प मायनर वॉल्ट्झचा भरधाव भाग पियानोवादक ज्या वेगाने नेतात त्या वेगाने अंगठ्यावर कोणी जाऊ शकत नाही.

मध्यलय
सगळ्यांचे आभार, बेत बदलला. पूर्ण बॅले आधी नाही. आधी १९८४चं फक्त नॉक्टर्न, दोनदा: एकदा आवाज बंद करून, एकदा चालू ठेवून. पहिल्या वेळी मुलींनी मागच्या ओळीतली एकच परी निवडायची आणि तिच्यावरून नजर हलवायची नाही. मग पूर्ण बॅले तिथलाच. प्रेक्षकांच्या टाळ्या मधे येतात, पण एकल कुठे संपली हे नवख्याला त्यानेच कळतं. मग मार्कोव्हाचं प्रेल्यूड, तुटका पंख यांच्या हट्टाखातर. १९६३चं शेवटी, ०.९६ने, खूण काढून.

तुटका_पंख
हट्ट पुरवल्याबद्दल धन्यवाद. शेवट कापू नका फक्त. शेवटच्या सुरावर सगळ्या धावत पहिल्या आकृतीत परततात: कवी मध्ये, दोघींची डोकी त्याच्या दोन खांद्यांवर. नॉक्टर्नच्या सुरुवातीचं चित्र थांबवून मुलींना दाखवून ठेवा, मग शेवटाला त्या आपणहून ओरडतील.

रीळवाला
आणि आदल्या दिवशी वर्गातल्या टीव्हीवर एकदा लावून बघा. बरेच टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात. सेटिंगमध्ये ‘ओव्हरस्कॅन’ बंद किंवा ‘जस्ट स्कॅन’ चालू करा. नाहीतर एवढं सगळं करून पडद्यावर परीचे अंगठेच नसायचे.

खवचट_खवय्या
झगे काढले तेव्हाच म्हटलं होतं, पुढचा नंबर पायांचा.